पेटी माझी, झोळी मेहुण्याची

विलारोका,
मंगळवार, १३ नोव्हेंबर २०१८

ती. रेमेईताईला,

नार्सीसचा साष्टांग नमस्कार (गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा आठातली जमली तेवढी अंगं मोजून घे). तिकडे पर्पिन्याला सगळे खुशाल असाल. मार्सेलभावजींच्या अंगठ्याची सूज उतरली का? डॉक्टरांनी त्यांना मांस आणि वाइन दोन्ही बंद केल्याचं नेउस म्हणाली. फ्रान्समध्ये राहून हे दोन्ही सोडायचं, तर मग तिथे राहायचं तरी कशाला? त्यांना घेऊन इकडेच ये. इथे आम्ही वर्षभर एकमेकांची डोकी खातो आहोत, त्याला काही पथ्य लागत नाही.

तू म्हणशील, खिशात फोन असताना हा शहाणा पत्र कशाला लिहितो. ताई, ही सवय तूच लावलीस. गेल्या वर्षी आपल्या स्वातंत्र्याच्या मतदानावर माद्रिदच्या सरकारची बंदी होती, मतपेटीबद्दल फोनवर अवाक्षर काढायचं नाही असा दंडक होता, म्हणून तू 'आत्याला घेऊन येते' असं सांगितलंस. मी समजलो, पण नेउस समजली नाही. तिने पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी बदलल्या, कॅनेलोनी केली, आणि तू डिकीतल्या बटाट्यांच्या पोत्याखालून काळ्या झाकणाची पांढरी प्लास्टिकची पेटी काढलीस, तेव्हा 'आत्या कुठंय?' म्हणत ती फाटकापर्यंत जाऊन आली. तेव्हापासून मला फोनवर खरं बोलायची भीती वाटते, आणि खोटं बोललो की नेउस स्वयंपाक करून बसते.

आता मुद्दा. ताई, मी जळतो आहे. सभ्य शब्द शोधून पाहिले, खेद, विषाद वगैरे. पण सकाळी खिडकी उघडावी आणि समोरून एउदाल्द गळ्यातल्या झोळीत हात ठेवून जाताना दिसावा, त्या वेळी मला जे होतं त्याला विषाद म्हणत नाहीत. माझ्या बायकोचा, नेउसचा, हा सख्खा धाकटा भाऊ. माझ्या लग्नात जेवणाच्या टेबलाखाली झोपलेला सापडला होता तोच. आज तो गावाचा वीरपुरुष आहे. येत्या मे महिन्यात पंचायतीची निवडणूक, आणि आपल्या आघाडीच्या यादीत पहिलं नाव कुणाचं, ते रविवारी, पंचवीस तारखेला, शाळेच्या जेवणघरात ठरायचं आहे. यादीत जो पहिला तोच सरपंच, कारण समोर दुसरी यादीच नाही. सगळा गाव म्हणतो, एउदाल्द. आणि मी? बारा वर्षं पंचायतीत आहे. कारंजं आणि दफनभूमी ही दोन खाती माझ्याकडे. बारा वर्षांत कारंजं एक दिवस बंद पडलं नाही आणि दफनभूमीतून एकही तक्रार आली नाही. पण त्याला कोण विचारतो?

तू मतदानानंतर इकडे फिरकली नाहीस, म्हणून थोडी हकिगत सांगतो. आपण देश म्हणून स्वतंत्र झालो की नाही, याचा निकाल अजून लागायचा आहे (तुमच्या पेपरात आला असेल तर कळव). एक ऑक्टोबरला मतं पडली, सत्तावीसला बार्सेलोनात स्वातंत्र्य जाहीर झालं, आणि त्याच दिवशी माद्रिदने कारभार हातात घेतला. पुढारी काही तुरुंगात गेले, काही परदेशात, आणि आम्ही दर शुक्रवारी त्यांच्या सुटकेसाठी छातीला पिवळी फीत लावून चौकात अर्धा तास उभे राहतो. देशाचं काय व्हायचं ते होवो, गावातली माणसं मात्र एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र झाली. आपल्याकडे 'हो' १८७, 'नको' ९ आणि कोऱ्या ४. तेव्हापासून गावाचा मुख्य धंदा म्हणजे ते नऊ जण शोधणं. कसायाच्या बाल्कनीत फीत नाही म्हणून चार घरांनी त्याच्याकडचं बुतिफारा सॉसेज घेणं बंद केलं. तो बिचारा सांगून दमला की मला बाल्कनीच नाही. नाताळच्या जेवणाला नेउसने राजकारणाला बंदी केली. मग बोलायला उरलं काय, तर अळंबी. आणि आपली केशरी रोवेयो अळंबी कुठे मिळाली हे आपल्याकडे मरायला टेकल्याशिवाय बापही मुलाला सांगत नाही. अकरा माणसं दोन तास न बोलता सूप पीत होती.

आता आमच्या वीरपुरुषाचा पराक्रम ऐक. त्या रविवारी पहाटे पाचला आम्ही गावाच्या तोंडाशी सात ट्रॅक्टर आडवे लावले. पोलिसांच्या गाड्या चौफुलीपर्यंत आल्या, थांबल्या, आणि खालच्या रस्त्याला लागून दुसरीकडे गेल्या. याचं गावाला आजही वाईट वाटतं. बाहेरून कुणी विचारलं, 'तुमच्याकडे काय झालं?' तर सांगायला काय आहे? दुपारी भात चांगला झाला होता. जखमी म्हणशील तर एकच, एउदाल्द, आणि तो ट्रॅक्टरवरून उतरताना घसरला. ट्रॅक्टर उभा, इंजिन बंद, पायऱ्या दोन. मी तिथेच होतो. बटाट्याचं पोतं जपून खाली सोडावं तसा तो सावकाश घसरला आणि मग ओरडला. खांद्याजवळचं हाड मोडलं. मंगळवारी गावोगावचे जखमी शोधत एक वार्ताहर आला. त्याला दुसरं कुणी मिळेना, म्हणून त्याने याचाच फोटो छापला. हाड सहा आठवड्यांत जुळलं. झोळी तेरा महिने झाले तरी गळ्यातून उतरलेली नाही. बेकरीवाली त्याला पाव चिरून देते. औषधवाला त्याच्यासाठी दार उघडून धरतो. परवा तर किमाआजीने, ब्याण्णव वर्षांच्या बाईने, उठून त्याला बाकावर जागा दिली आणि तो बसलाही!

पहिल्या वर्षदिनाचा सोहळा तर विचारूच नकोस. शाळेच्या भिंतीवर मतदानाच्या आठवणीची फरशी बसवली, तिच्यावर पडदा, शेजारी टेबलावर मखमली उशी आणि उशीवर पेटी. माझी पेटी! पडदा ओढायचा मान एउदाल्दला (डाव्या हाताने, टाळ्या). ऐन वेळी पाऊस आला. छत्री धरायचं काम माझ्याकडे आलं, कारण म्हणे पाण्याचं खातं माझं. मी चाळीस मिनिटं त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो आणि छत्रीचं सगळं पाणी माझ्या मानेतून आत जात होतं. भाषणात शिक्षिकाबाई म्हणाल्या, 'आणि ज्या अज्ञात हातांनी ही पेटी जपली, त्यांनाही प्रणाम.' ते अज्ञात हात मेहुण्याची छत्री धरून होते, ताई. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते ऐकून होतो. पण इथे बीळ खणणाऱ्यालाच नागोबावर छत्री धरायला लावली.

बरं, अज्ञात हातही आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. गावात सतरा जण 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगतात की पेटी त्यांच्याकडे होती. एकच पेटी, पण ती एकाच वेळी चर्चमधल्या कबुलीजबाबाच्या खोपटात होती, औषधवाल्याच्या शीतकपाटात होती आणि किमाआजीच्या पलंगाखालीही होती. मी ऐकतो, मान हलवतो, घरी येऊन भिंतीला धडक द्यावीशी वाटते.

खरं काय ते तुला माहीत आहे, पण अर्धंच. तू पेटी दिलीस त्या दिवशी मी ती कोंबड्यांच्या खुराड्याखाली ठेवली. दोन दिवसांत एक कोंबडी झाकणाच्या फटीवर रवणीला बसली आणि हात लावू देईना. नेउस म्हणाली, 'पिल्लं निघेपर्यंत थांबा, मग घ्या मतदान.' तेव्हा मला ती एकच जागा आठवली जी या जगात मी सोडून कुणाला ठाऊक नाही. बाबांनी अखेरच्या दिवशी, पाद्रीबाबांना दाराबाहेर थांबवून, माझ्या कानात सांगितलेली अळंब्यांची जागा. तिथे कोळसा पाडणाऱ्यांची जुनी दगडी खोप आहे. तिच्यात पेटी ठेवली, वर शेवाळ पसरलं, त्यावर रोज ताजी अळंबी रचून ठेवत होतो. कुणी हटकलंच तर अळंबी गोळा करणारा म्हातारा म्हणून सुटलो असतो. असे दहा दिवस काढले. शनिवारी संध्याकाळी पाऊस झाला. रविवारी पहाटे, ट्रॅक्टर लावायच्या आधी, गेलो तर पेटीवर निळी ताडपत्री! कुणा शिकाऱ्याची असेल, वाऱ्याने आली असेल, असं धरून चाललो (तिच्या चारी कोपऱ्यांवर दगड होते. तेही वाऱ्यानेच ठेवले असतील. त्या घाईत खोलात कोण जातो?). पेटी चादरीत गुंडाळून शाळेच्या मागच्या दारात ठेवली, दोनदा टकटक केलं आणि पळालो. ठरलंच होतं तसं.

पण ताई, एक घोटाळा माझ्या लक्षात आला नव्हता. पेटीला वास येत होता. रोवेयोचा, ओल्या पाइनचा. मी मतदानाच्या रांगेत उभा होतो. माणसं पेटीशी जायची, कागद टाकायची, आणि हात मागे घेताना नाक पुढे करायची. कसाई दोनदा वाकला. किमाआजीने मत टाकलं, डोळे मिटून भरभरून श्वास घेतला, 'हंऽऽ' म्हणाली आणि सरळ माझ्याकडे बघून हसली. आपल्या गावात वासावरून डोंगराची बाजू सांगणारी नाकं आहेत. त्या क्षणी ठरवलं, पेटीचं नाव काढायचं नाही. मी पेटी जपली म्हटलं की 'कुठे?' आलंच, आणि वास तर सगळ्यांनी घेतलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलो. आता मूठ तशीच झाकलेली आहे आणि सव्वा लाख मेहुण्याकडे गेले.

असो. मन मोकळं केलं, इतकंच. काही मागायचं म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. सवडीने उत्तर दे. भावजींना नमस्कार. सोबत तेलातल्या अळंब्यांची बरणी पाठवतो आहे. कुठली ते विचारू नये.

तुझा,
नार्सीस

ता. क. सवडीने नको, लगेच उत्तर दे. आणि एक किरकोळ काम आहे. चोवीस तारखेच्या आत आघाडीच्या सभेच्या नावाने एक पत्र पाठव, की 'विलारोकाची पेटी मी स्वतः आमच्या नार्सीसच्या हाती दिली आणि त्याने जिवापाड जपली.' आपल्या तोंडाने आपलं कौतुक बरं दिसत नाही, सोनारानेच कान टोचावेत. 'जिवापाड' हा शब्द ठेवच. पण जंगल, डोंगर, पाइन, खोप, उत्तर दिशा, यातला एकही शब्द येता कामा नये. नुसतं 'सुरक्षित जागी' लिही. फारच चिकटून विचारलं तर ओढ्यापलीकडे म्हण. तिकडे अळंबी उगवत नाहीत. आणि हे मी सांगितलं असं लिहू नकोस. तुला आपोआप सुचलं.

ता. क. (शनिवार) तिकिटं संपली होती म्हणून पत्र राहिलं, आणि राहिलं ते बरं झालं. तुझ्या पत्रासोबत पुरावा असावा म्हणून आज सकाळी खोपीचा फोटो काढायला गेलो (झाडं न दिसतील असा). तर माझ्या जागेत, माझ्या बाबांच्या जागेत, एक माणूस गुडघ्यांवर बसून चाकूने अळंबी कापत होता आणि कापलेली गळ्यातल्या झोळीत टाकत होता. झोळी भरत आली होती.

मी ओरडलो, 'एउदाल्द!' तो दचकलासुद्धा नाही. 'दाजी, हळू. टाचेखाली बघा, एक आहे तिथे.' (होतं. चांगलं तळहाताएवढं.)

'ही जागा तुला कुणी सांगितली?'

'सांगेल कोण? पाय आणतात.'

'आणि ही झोळी?'

'टोपली घेऊन निघालो की अर्धं गाव मागे लागतं, दाजी. झोळी दिसली की रस्ता सोडतात.'

मग मी वर्षभर साठवलेलं सगळं बाहेर काढलं. फुकटचा वीर, दोन पायऱ्यांवरून पडलेला, छत्री, फोटो, बेकरीचा पाव, काही ठेवलं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, चाकू पुसला आणि म्हणाला, 'ट्रॅक्टरवरून कोण पडलं? मी इथे पडलो.'

ताई, ती ताडपत्री त्याची. शनिवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं तेव्हा तो माझ्या अळंब्यांत होता. 'तुमची खोप म्हणजे चाळणी. आत पेटी, पेटीत मतपत्रिकांचा गठ्ठा. म्हटलं, भिजला तर उद्या गाव मत कशावर देणार, लगदा टाकणार का पेटीत? पळत घरी गेलो, ताडपत्री आणली, घातली, दगड ठेवले, आणि उतरताना त्या तिथल्या शेवाळावरून गेलो तो खालच्या खडकावर.' रात्रभर मोडलं हाड घेऊन पडून राहिला. पहाटे ट्रॅक्टरवर येऊन बसला, आणि उजाडल्यावर चार लोकांदेखत घसरला, कारण हाड कुठेतरी मोडलेलं दाखवायला हवं होतं.

'अरे मग खरं सांगायचं नाहीस का?'

'काय सांगू, दाजी? की मी तुमच्या अळंब्यांत काय करत होतो ते?'

त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. मला त्याची दया यायला हवी होती. आलीही. पण आधी आला तो राग. वर्षभर एकाच गोष्टीवर मी तग धरला होता, की हा खोटा वीर आहे आणि खरा मी. आता कळलं की तोही खराच. बरं, माझ्या पेटीला तिळाएवढाही ओरखडा नाही आणि हाड मोडलं ते त्याचं. जळायला कारण उरलेलं नाही, आणि जळणं मात्र थांबत नाही. वर तो म्हणाला, 'पेटी तुमच्याकडे होती हे मी सभेत उभा राहून सांगतो. सरपंच तुम्ही व्हा. फक्त शनिवारी सकाळी मला इथे येऊ द्या.' मी म्हटलं, विचार करतो. मग दोघांनी झोळीतली अळंबी निम्मी निम्मी वाटून घेतली. निम्मी! माझ्याच जागेतली!

ता. क. (सोमवार) विचार केला. ते पत्र पाठवू नकोस. बाबा पाद्रीबाबांना बाहेर थांबवून मला जे देऊन गेले, ते मी सरपंचाच्या खुर्चीसाठी देणार नाही. एउदाल्दच होऊ दे सरपंच. रविवारी त्याचं नाव मीच सुचवणार आहे. सगळे माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करतील. पण त्याआधी आज पंचायतीत एक अर्ज टाकून आलो आहे, की लोकांच्या अडचणी समजून घेण्यासाठी नव्या सरपंचाने सप्टेंबर ते डिसेंबर दर शनिवारी सकाळी सात ते एक कचेरीत जातीने बसावं, रजा न घेता. आता बघू कसा येतो अळंब्यांना. बरणी जपून उघड, तेल सांडतं.

(बुधवार. याखालचं अक्षर नेउसचं आहे.)

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. ह्यांना सांगू नका, पण ती जागा सगळ्या गावाला माहीत आहे. मामंजी शेवटी शेवटी कानाने अधू झाले होते. त्यांनी ह्यांच्या कानात म्हणून जे मोठ्याने सांगितलं ते दाराबाहेर पाद्रीबाबांनी ऐकलं, आणि त्यांच्या मागे उभ्या आम्ही सगळ्यांनीही. तेव्हापासून लोक आळीपाळीने जातात आणि मोठी मोठी ह्यांच्यासाठी ठेवून येतात. त्या रविवारी पेटीचा वास आला तेव्हाच गावाला कळलं ती कुठे होती आणि कुणी जपली. पण बोलणार कोण? तुम्हाला वास कसा ओळखू आला, हे आधी सांगावं लागलं असतं. ती लाज वर्षभर सगळ्यांच्या पोटात आहे. म्हणून रविवारी यादीत पहिलं नाव ह्यांचंच ठरलं आहे. सुचवलं एउदाल्दनेच. ह्यांनी कारण विचारलं तर कारंजं आणि दफनभूमी असं सांगायचं. ह्यांना अजून पत्ता नाही. शनिवारच्या कचेरीचा ह्यांचा अर्ज मात्र काल पंचायतीत जसाच्या तसा मंजूर झाला. त्यावर एकही 'नको' पडलं नाही.